एसटीनं खान्देश बघायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धुळ्याची. एकोणीस वर्षं झाली, रोज एसटीनं खेड्यातल्या शाळेत जाते-येते. सुट्टी लागली की आईला घेऊन पुन्हा एसटीनंच हिंडते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे दिवाळीच्या आधी फोन येतात आणि प्रश्न तेच असतात: गाडी नाही, काही बघता येईल का? येईल, आणि नीट येईल. म्हणून हे प्रश्न नि उत्तरं एकदा लिहून काढली. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे यात धरले आहेत.

मुंबईत बसनं शहर बघतो तसंच इथं करायचं ना?

नाही, आणि हा फरक सगळ्यात आधी समजून घ्या. मुंबईत एक बस गेली की थोड्या वेळात दुसरी येते, म्हणून माणूस ठिकाण ठरवतो आणि निघतो. आमच्याकडे जळगाव-धुळे, धुळे-शिरपूर, जळगाव-भुसावळ अशा मोठ्या रस्त्यांवर गाड्यांची रांग असते. पण आडवाटेच्या देवळाला किंवा किल्ल्याला दिवसातून मोजक्याच गाड्या जातात. तिथं दुसरी बस म्हणजे दुसरा प्रहर, कधी दुसरा दिवस. म्हणून आमच्या घरात एक शिस्त आहे: परतीची गाडी आधी विचारायची, देऊळ मग बघायचं. खाली जे काही लिहिलंय ते या एका वाक्याभोवतीच फिरतं.

मुक्काम कुठं करावा, जळगावला की धुळ्याला?

अजिंठा, पद्मालय, मुक्ताईनगर, चोपडा ही बाजू बघायची असेल तर जळगाव. लळिंग, सोनगीर, शिरपूर, साक्री आणि पुढे नंदुरबारकडे जायचं असेल तर धुळे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे धुळ्याच्या स्थानकावरून चारही दिशांना गाड्या सुटतात. अमळनेर दोघांच्या मधे आहे, कुठूनही जमतं. चाळीसगावलाही दोन्हीकडून गाड्या आहेत, पण पाटणादेवी करायची असेल तर एक रात्र चाळीसगावातच राहा. रोज सामान उचलून नवीन लॉज शोधण्यापेक्षा एका ठिकाणी खोली घ्या नि रिकाम्या हातानं हिंडा. साध्या गाडीत मोठी बॅग घेऊन बसणं तुम्हालाही जड जातं आणि शेजारच्यालाही.

गाड्यांच्या वेळा कुठं कळतील? मोबाइलवर बघितलं तर चालेल का?

लांब पल्ल्याच्या आरक्षणाच्या गाड्या मोबाइलवर दिसतात. तुम्हाला लागणार आहेत त्या तालुक्याच्या साध्या गाड्या, आणि त्यांच्यासाठी चौकशीची खिडकी हाच खरा रस्ता. खिडकीत बसलेल्या वाहतूक नियंत्रकांना नुसतं "पद्मालयची गाडी कितीला?" असं विचारू नका. तीन प्रश्न एका दमात विचारा: जायची गाडी कितीला, ती तिथून फिरते कितीला, आणि तिच्यानंतर आणखी एखादी आहे का. गाडीत बसल्यावर तेच कंडक्टरला पुन्हा विचारा. कारण दुपारी तीच गाडी फिरणार असली तर ती कधी हलेल हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नसतं. उतरल्यावर तिसऱ्यांदा विचारा, थांब्यावरच्या टपरीवाल्याला. तिघांची वेळ जुळली तर निर्धास्त फिरा. नाही जुळली तर सगळ्यात लवकरची वेळ खरी माना.

फलाटावरची पाटी आणि गाडीवरची पाटी दोन्ही वाचा. दिवाळीत, लग्नसराईत, यात्रेत फलाट बदलतात. पाटीवर मधल्या गावांची नावं असतात तीही बघा, कारण एकाच गावाला दोन मार्गांनी जाणाऱ्या गाड्या असतात आणि तुमचं ठिकाण त्यातल्या एकाच मार्गावर असतं.

आणि शेवटची गाडी चुकलीच तर?

माझी चुकली आहे, म्हणून सविस्तर सांगते. बी.एड.ला असताना मैत्रिणीबरोबर पाटणादेवीला गेले होते. पावसाळा नुकताच संपला होता, डोंगरातून पाणी वाहत होतं. कंडक्टरनं उतरताना "साडेचारला फिरतो" असं स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही ओढ्यात पाय सोडून बसलो आणि पाच वाजता वर आलो. थांब्यावर कुणीही नव्हतं, फक्त चिखलात टायरचा ताजा वळसा उमटलेला होता. ते अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे. अंधार पडायला लागल्यावर पोटात गोळा आला. पाटणे गावाच्या दिशेनं चालत निघालो. वाटेत दुधाचे कॅन घेऊन जाणारा एक टेम्पो भेटला. त्या काकांनी काही न विचारता पुढे बसवलं आणि थेट चाळीसगावच्या स्थानकावर आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. पण असा टेम्पो प्रत्येक वेळी भेटेलच या भरवशावर कुणी राहू नये.

गाडी चुकली तर जंगलात किंवा किल्ल्याखाली थांबू नका, सगळ्यात जवळच्या वस्तीत या. तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत रिक्षा किंवा काळी-पिवळी मिळते का ते विचारा. हायवेला लागलात की प्रश्न सुटला, तिथं रात्री उशिरापर्यंत गाड्या असतात. आणि वस्तीत मुक्कामी गाडी येते का, हेही विचारा.

मुक्कामी गाडी म्हणजे काय?

शहरातल्या माणसाला हे माहीत नसतं, पण खेड्याचं अर्धं आयुष्य या गाडीवर चालतं. संध्याकाळी तालुक्याहून सुटलेली शेवटची गाडी गावात पोचते आणि तिथंच राहते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात, नाहीतर देवळाच्या ओट्यावर, ग्रामपंचायतीच्या खोलीत. सकाळी तीच गाडी गावाची पहिली गाडी होते. कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी, भाजीच्या पाट्या, सगळं तिच्यात.

एका गावी लग्नाला गेले होते तेव्हा परतताना मी या गाडीनं आले. पहाटे सव्वापाचला थंडीत इंजिन सुरू झालं तशा सगळ्या काचा एकदम थरथरायला लागल्या. आतला एकच दिवा लागलेला. कंडक्टर मफलर गुंडाळून मशीनमध्ये कागदाचा रोल बसवत होते. एक बाई डबा घेऊन आली आणि ड्रायव्हरच्या हातात देऊन काही न बोलता परत गेली. नंतर कळलं, तिचा मुलगा याच गाडीनं रोज आयटीआयला जातो, म्हणून आठवड्यातून एकदा ती भाकरी देते. खान्देश कसा आहे हे विचारणाऱ्याला मी हे सांगते.

पाहुण्यांसाठी उपयोग असा: आडगावात ओळखीचं घर असेल तर संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं जा आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं परत या. पाटीवर गावाच्या नावापुढे "मुक्काम" लिहिलेलं असतं.

तिकिटाला किती खर्च येईल? सवलती कुणाला?

एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. सवलती अशा:

महिलांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून हे सुरू आहे आणि साध्या गाडीपासून शिवशाहीपर्यंत चालतं. ७५ वर्षांच्या पुढच्यांना प्रवास मोफत, हा निर्णय ऑगस्ट २०२२ चा. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांना अर्धं. ज्येष्ठांनी आधार कार्ड बरोबर ठेवावं. वय दिसणारं ओळखपत्र मागितलं की दाखवायचं, त्यात रागवण्यासारखं काही नाही.

मोफत प्रवासालाही तिकीट घ्यावंच लागतं, शून्य रुपयांचं. माझी आई ७६ वर्षांची. आधी ती "मला कशाला तिकीट" म्हणायची, आता ते कागद घडी करून पाकिटात ठेवते.

सुरत, इंदूर, बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच लागू असतात, पुढचं तिकीट पूर्ण. आमच्या तिन्ही जिल्ह्यांना गुजरात नाहीतर मध्य प्रदेशची सीमा लागून आहे, त्यामुळे हा हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो.

"आवडेल तेथे प्रवास" पास घ्यावा का?

चार किंवा सात दिवसांचा तो पास असतो. घरात पुरुषमाणूस एकटा फिरणार असेल आणि रोज लांबचा पल्ला असेल तर परवडतो. बायका, ज्येष्ठ मंडळी यांना आधीच अर्धं तिकीट आहे, त्यांनी कागदावर बेरीज करूनच ठरवावं. जळगावात बसून आसपासची ठिकाणं करणाऱ्याला पासाची गरज नाही.

सुट्टे पैसे लागतात का?

ठेवा. यूपीआयनं तिकीट मिळतं, कंडक्टरच्या मशीनवरच कोड येतो. पण सातपुड्याच्या कुशीत रेंज जाते आणि गर्दीत मशीन फिरत राहतं. दहा-वीसच्या नोटा खिशात असल्या की दोघांचाही जीव भांड्यात पडतो.

जळगाव शहरात एका दिवसात काय होईल?

सकाळी गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींच्या जीवनावरचं संग्रहालय. शिरसोली रस्त्याला जैन हिल्सवर आहे, २०१२ मध्ये सुरू झालं. पाचोऱ्याकडच्या साध्या गाड्या याच रस्त्यानं जातात. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, थांबा असला तर उतरवतात, नाहीतर शहरातून रिक्षा. तिथं दोन-अडीच तास हवेत. घाईनं आत-बाहेर करायची जागा नाही ती, मुलांना बरोबर घेऊन हळूहळू बघा.

दुपारनंतर जुन्या जळगावात चौधरी वाडा. बहिणाबाई चौधरी इथं नांदल्या. त्यांचं माहेर आसोदा, इथून अगदी जवळ. जन्म १८८० चा, मृत्यू १९५१ चा, आणि या सगळ्या काळात त्यांनी कागदावर स्वतः एक ओळ लिहिली नाही, कारण लिहिता येत नव्हतं. ओव्या म्हटल्या त्या घरच्यांनी उतरवून घेतल्या. वाड्यात आता त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. मी शाळेची मुलं घेऊन गेले होते. एका मुलीनं तिथल्या घरगुती वस्तू बघून हळूच म्हटलं, "बाई, हे तर आमच्या आजीकडं पण आहे." त्या एका वाक्यासाठी ती सहल सार्थकी लागली असं मला वाटतं.

संध्याकाळी मेहरूण तलाव, आणि वेळ उरला तर सराफ बाजारातून एक चक्कर. सोन्याच्या व्यवहारात जळगावचं नाव देशभर आहे. शहराच्या आत मी रिक्षानंच फिरते.

अजिंठ्याला जळगावहून जावं की संभाजीनगरहून?

जळगावहून. लेणी संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जळगावपासून अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे, संभाजीनगरहून शंभराच्या घरात. पहूरमार्गे संभाजीनगरला जाणारी गाडी पकडा आणि फर्दापूरजवळ लेण्यांच्या फाट्यावर, सगळे ज्याला टी-पॉइंट म्हणतात तिथं, उतरा. तिथून पुढचे चार किलोमीटर खासगी गाड्यांना बंदी आहे. एसटीच्याच गाड्या लेण्यांपर्यंत ने-आण करतात, त्यांचं तिकीट वेगळं.

सोमवारी लेणी बंद. दरवर्षी कुणीतरी ओळखीचं सोमवारी जाऊन फर्दापूरहून फोन करतं, म्हणून पुन्हा लिहिते: सोमवारी बंद.

३० लेणी आहेत. सगळी बघायचा हट्ट धरला तर एकही नीट बघून होत नाही. १, २, १६, १७ या चार लेण्यांतली चित्रं शांतपणे बघा, मग शिल्पांसाठी १९ आणि २६. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ द्या. फ्लॅश मारायचा नाही. या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्य घालवणारा रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. म्हणजे अजिंठ्याचा एक धागा खान्देशातही आहे.

परतीची गाडी फाट्यावर हात दाखवून पकडावी लागते. संध्याकाळी तिथं गर्दी असते आणि भरून आलेली गाडी थांबत नाही. चार वाजता लेणी सोडा.

पाटणादेवी आणि चाळीसगाव कसं जमवायचं?

चाळीसगावपासून पाटणादेवी सुमारे १८ किलोमीटर. पहिल्या गाडीनं जा. चंडिकादेवीचं देऊळ, आजूबाजूला गौताळा औट्रम घाट अभयारण्याचा डोंगर, पावसाळ्यानंतर धबधबे. बहुतेक लोक देवीचं दर्शन घेऊन परत फिरतात आणि जवळचं महादेवाचं देऊळ बघायचं राहून जातं. पाटणचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथं मठ काढला, असं त्यात नोंदलंय. काळ १२०७ च्या सुमाराचा. गणित शिकवणारी बाई म्हणून मला ती जागा देवळाइतकीच पवित्र वाटते. आठशे वर्षांपूर्वी या डोंगराच्या पायथ्याशी कुणीतरी गणिताचा वर्ग भरवत होतं!

दुपारी परत आलात की चाळीसगावात स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर बघा. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं आणि त्याचा फोटो घ्यायचा, ही त्यांची कला. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं ते या घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. कापसाचं बर्फ आणि काड्यांची झाडं करून काढलेले फोटो बघताना मी एकाच चित्रासमोर बराच वेळ उभी होते.

पितळखोऱ्याची लेणी जवळच्या डोंगरात आहेत, पण ती वाट चालण्याची सवय असलेल्यांची. वाटाड्या असल्याशिवाय आणि परतीचा बंदोबस्त असल्याशिवाय जाऊ नका.

पद्मालयला थेट गाडी आहे का?

एरंडोलपर्यंत गाड्याच गाड्या, कारण ते हायवेवर आहे. तिथून पुढचे सुमारे दहा किलोमीटर रिक्षा किंवा मिळेल ती गाडी. तळ्यात कमळं आणि एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या सोंडेचा. अंगारकीला जाऊ नका, साध्या वारी जा. परतताना एरंडोल गावातला पांडववाडा बघून होतो.

अमळनेरला काय आहे?

एका गावात इतकं सापडणं दुर्मिळ. साने गुरुजी १९२४ पासून इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. प्रतापशेठांनी १९१६ मध्ये काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर इथं आहे. विप्रो कंपनीची सुरुवात १९४५ मध्ये इथल्याच वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली. सखाराम महाराजांची वाडी आणि मंगळग्रहाचं देऊळ तर आहेच, मंगळवारी गर्दी असते. वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. धुळ्याहून सकाळी जाऊन संध्याकाळी आरामात परत येता येतं.

धुळ्यात बघण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटतं, कारण धुळेकरसुद्धा तो विचारतात.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले. ते गेल्यावर लगेचच १९२७ मध्ये लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं, त्यांनी पायपीट करून जमवलेली दप्तरं सांभाळण्यासाठी. तिथल्या संग्रहालयात खान्देशातल्या जुन्या मूर्ती आहेत. दुसरं, समर्थ वाग्देवता मंदिर. शंकरराव देव यांनी गावोगावच्या मठांतून गोळा केलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं तिथं आहेत, समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायणही त्यात आहे. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा आवाजच फुटेना. काळ्या शाईची एकसारखी ओळ, मधे कुठं हात थरथरल्याची खूण नाही. वर्गात मुलांना "अक्षर नीट काढा" म्हणताना ते पान डोळ्यांसमोर येतं.

संध्याकाळी पांझरेच्या काठी देवपुरात एकवीरा देवी. आरतीच्या वेळी जा.

लळिंग किल्ल्याला एसटी थांबते का?

धुळ्याहून मालेगावकडच्या साध्या गाडीत बसा, जलद गाडीत नाही. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. फारुकी राजांच्या काळातला किल्ला, हायवेवरूनच माथा दिसतो. पायथ्याच्या गावात जुनं महादेवाचं देऊळ आहे, ते चुकवू नका. जवळच्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले होते. दरवर्षी त्या तारखेला तिथं मोठा जनसमुदाय जमतो, ते बघायचं असेल तर सकाळी लवकर निघा.

सोनगीर उलट दिशेला, शिरपूरच्या रस्त्यावर. किल्ला छोटा, पण गावात तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची दुकानं आहेत. हातोडीचा ठोका ऐकत हंडा घ्यायचा असेल तर इथं घ्या.

तोरणमाळ एका दिवसात होईल?

करू नका. शहाद्याहून सुमारे ५० किलोमीटर, त्यात घाटाची वळणं. वर पोचेपर्यंत निम्मा दिवस जातो आणि परतीच्या गाडीची धास्ती लागते. एक रात्र वर राहा. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं देऊळ हे सगळं पायी फिरण्यासारखं आहे. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते, तेव्हा जादा गाड्या सुटतात आणि सातपुड्यातले आदिवासी बांधव मैलोन् मैल चालत येतात. एरवीसाठी ऑक्टोबर ते जानेवारी चांगला. भर पावसात घाटात दरड येते.

जळगावहून नंदुरबारकडे जाताना मी रेल्वे सुचवीन, एसटी नाही. सुरत-भुसावळ लाइननं वेळ वाचतो. नंदुरबारला उतरलात की आधी माणिक चौकात शिरीषकुमारांच्या स्मारकापुढे दोन मिनिटं उभे राहा. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेली ही शाळेतली मुलं गोळीबारात गेली. नंदुरबारहून शहाद्याला जाणारी एसटी प्रकाशा गावावरून जाते. तापीकाठची देवळं बघायला तिथं उतरून पुढची गाडी पकडता येते.

कोणत्या महिन्यात यावं? आणि उन्हाळ्यातच सुट्टी असेल तर?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याची गाडी तापते. तरीही यायचं असेल तर पहाटेची गाडी, दुपारी खोली, संध्याकाळी पुन्हा बाहेर. डोक्याला उपरणं, पिशवीत कांदा नि पाण्याच्या दोन बाटल्या.

खिडकी निवडायची एक युक्ती सांगते. दक्षिणेला जाणार असाल, म्हणजे जळगावहून अजिंठा किंवा चाळीसगाव, तर ड्रायव्हरच्या बाजूला बसा. सकाळचं ऊन दाराच्या बाजूनं येतं. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला होतं आणि ऊनही पश्चिमेला गेलेलं असतं, म्हणून तेव्हाही ड्रायव्हरचीच बाजू. उत्तरेला चोपडा, यावलकडे जाणार असाल तर जाता-येता दोन्ही वेळा दाराची बाजू. आई हे दिशा न मोजताच करते.

बाईमाणसानं एकटीनं फिरावं का?

मी फिरते. दिवसा कसलीच अडचण नाही. गाडीत महिलांसाठी राखीव सीट असतात, उभं राहायची वेळ आली तर बिनदिक्कत मागा. खरी अडचण स्वच्छतागृहाची. मोठ्या स्थानकावर गाडी थांबली की गरज असो नसो, जाऊन या, पुढच्या फाट्यावर सोय नसेल. कंडक्टरला सांगून उतरा, ते थांबतात. अंधार पडल्यावर फाट्यावर उतरायची वेळ येणार असेल तर तो बेत दुसऱ्या दिवसावर टाका.

खायचं काय?

हिवाळ्यात भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. हिरवट, मोठी, कमी बियांची वांगी काड्यांच्या जाळावर भाजतात, हिरवी मिरची-लसूण घालून ठेचतात, वर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, किंवा पुरी. शेवभाजी कुठल्याही ढाब्यावर मिळते, पहिल्यांदा खाणार असाल तर तिखट कमी सांगा. खापरावरचे मांडे कुणाच्या घरी मिळाले तर नाही म्हणू नका, ते करायला दोन बायकांची अर्धी सकाळ जाते. प्रवासात मात्र मी केळी आणि घरची दशमी यावरच राहते. घाटाच्या रस्त्याला निघण्याआधी पोटभर शेवभाजी खाऊ नका, एवढं ऐका.

आम्हाला अहिराणी येत नाही, चालेल का?

मराठी सगळ्यांना कळते. पण शेजारची आजी "कथाईन उनात?" असं विचारेल, म्हणजे कुठून आलात. सरळ सांगा. पुढच्या अर्ध्या तासात तुमचं गाव, पोरंबाळं, पगार सगळं विचारून होईल आणि तुमच्या हातात भुईमुगाच्या शेंगा येतील. हा भोचकपणा नव्हे, आमच्याकडे माणूस असाच आपला करून घेतात. आणि उतरायचं ठिकाण तुम्ही विसरलात तरी ती आजी विसरणार नाही.

म्हाताऱ्या आई-वडिलांना कुठं न्यावं?

मुक्ताईनगर. जळगाव, भुसावळहून भरपूर गाड्या, रस्ता सरळ, चढ नाही. कोथळीला मुक्ताईचं देऊळ, आणि तिथून काही किलोमीटरवर तापी-पूर्णेच्या संगमावर योगी चांगदेवांचं दगडी देऊळ. शेवटच्या टप्प्याला रिक्षा करा, ये-जा ठरवून आणि थांबायला सांगून. महाशिवरात्रीच्या यात्रेत वारकऱ्यांची गर्दी असते, वयस्कर माणसांना एरवीचा दिवस बरा.

गाडीची पहिली पायरी उंच असते. आईला चढवताना मी आधी पिशवी वर ठेवते, मग तिचा उजवा हात दांडीला लावून देते आणि मागं उभी राहते. कंडक्टर घंटी मारायचे थांबतात. गेल्या हिवाळ्यात संगमावर गेलो तेव्हा ती घाटाच्या पायरीवर अर्धा तास बसली होती, दोन्ही नद्यांचं पाणी बघत. मी घड्याळ बघितलं तशी तीच म्हणाली, "दोनची गाडी आहे ना, चल."